इमारत आणि आशय यांचे अंदाजपत्रक एकत्र करू नका

नमस्कार. देवलापार (ता. रामटेक, जि. नागपूर) परिसरात गोंड समाजाच्या वारशाचे सांस्कृतिक परिचय केंद्र उभारण्याचे काम आपल्याकडे आले आहे, संबंधित कार्यालयाने इमारत, अंतर्गत सजावट आणि प्रदर्शनातील वस्तू या सर्वांचे मिळून एकच अंदाजपत्रक मागितले आहे, आणि मधले दालन गोटूलच्या, म्हणजे गावातील तरुणांच्या एकत्र येण्याच्या पारंपरिक घराच्या, धर्तीवर गोल करावे का, असे आपण विचारले आहे. दालनाच्या प्रश्नाकडे पुढे येतोच, पण मी त्या एकत्रित अंदाजपत्रकाच्या उल्लेखापाशीच अडखळलो. विदर्भातल्याच एका अशा केंद्राचे काम मी आशयाच्या, म्हणजे आत काय मांडायचे त्या, बाजूने सांभाळले आहे आणि त्या केंद्राचे सर्वांत मोठे नुकसान याच एका निर्णयाने झाले. जागेची पाहणी, पाण्याचा निचरा, वाहनतळ, स्वच्छतागृहे यांविषयी लिहीत नाही. ते आपण जाणताच.

शासकीय अंदाजपत्रक दरसूचीवर चालते. विटा, काँक्रीट, फरशी, रंग अशा प्रत्येक बाबीला तेथे क्रमांक आणि दर असतो. ज्या बाबीला क्रमांक नाही, तिचे दरपृथक्करण (साहित्य आणि मजुरी यांची फोड करून दर काढणे) करून, दरपत्रके जोडून स्वतंत्र मान्यता घ्यावी लागते. ही वाट नियमांत बसणारी आहे, फक्त कष्टाची आहे. आमच्या वेळी त्या कार्यालयाने (नाव लिहिणार नाही, आणि तेथील माणसेही आता बदलली असतील) ते कष्ट घेण्यास साफ नकार दिला. मार्चअखेर निधी परत जाईल, या एका वाक्यापुढे कोणाचे काही चालले नाही, आणि बांधकामाच्या निविदेच्या शेवटच्या पानावर ‘आदिवासी कलावस्तू पुरविणे व बसविणे’ अशी एक बाब, परिमाण ‘नग’, घालून प्रदर्शनाचा विषय संपवण्यात आला. ज्याला काम मिळाले, त्याने तोवर रस्ते आणि समाजमंदिरे बांधली होती. त्याने नग आणले. त्यात बस्तरच्या पितळी मूर्ती होत्या, आणि त्यांतील एका नर्तकीच्या तळाशी रायपूरच्या दुकानाची किमतीची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती. दर्शनी भिंतीवर वारली चित्रे काढली गेली, म्हणजे पालघर-डहाणूकडची, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाची कला पूर्व विदर्भातील गोंडांचा वारसा म्हणून रंगवली गेली. वारली चित्रांविषयी मला आदर आहे, पण शाळेपासून दवाखान्यापर्यंत प्रत्येक भिंतीवर ‘आदिवासी’ म्हटले की तीच काढायची, ही सवय या केंद्राच्या दारातच मोडली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

याहून जिव्हारी लागले ते पुढचे. आसपासच्या गावांनी आपल्या घरातील वस्तू केंद्रासाठी देण्याची तयारी दाखवली होती: धान्याची सारवलेली ढोली, मासे धरायचे बांबूचे सापळे, ढोल, झिजलेल्या मुठीचे विळे. त्यांना किंमत नको होती. वस्तू घरच्यांच्या नावाने ठेवाव्यात आणि सणाला लागतील तेव्हा परत न्यायला मिळाव्यात, एवढीच मागणी होती. यावर त्या कार्यालयाने पुरवठादार म्हणून नोंदणी आणि जीएसटीचे देयक मागितले. उसनी ठेवलेली वस्तू आणि विकत घेतलेली वस्तू यांत फरक असतो, हे पत्रांतून आणि समक्ष बैठकीत सांगूनही त्यांच्या नमुन्यात तसा रकाना नव्हता, आणि रकाना नाही म्हणून वस्तूही नाही. लोक आपापल्या वस्तू घेऊन परत गेले. वस्तूंची माहिती सांगणाऱ्या ज्येष्ठांच्या मानधनाला लेखाशीर्ष सापडले नाही. भिंतीसाठी बांबूचे तट्टे विणणाऱ्या कारागिरांची मजुरी अकुशल मजुराच्या दराने मोजमाप पुस्तिकेत चढली, कारण दरसूचीत सुतार होता, गवंडी होता, विणणारा नव्हता. ज्या माणसाच्या हातातील कौशल्य जपण्यासाठी इमारत उभी राहत होती, त्याच माणसाला तिच्याच कागदावर अकुशल ठरवले गेले. याचा राग माझ्या मनातून अद्याप गेलेला नाही.

म्हणून माझा आग्रह असा की, आज आपल्याकडून जे अंदाजपत्रक जाईल, त्याच्यासोबत एक पत्र जोडून आशयाचे काम स्वतंत्र प्रशासकीय मान्यतेसाठी वेगळे काढा. त्यात क्षेत्रकार्य, ध्वनिमुद्रण, मानधन, वस्तूंच्या उसनवारीचा करारनामा, कारागिरांचे काम आणि किमान काही वर्षांचा देखभालखर्च यांना वेगवेगळ्या ओळी द्या. कूड (काटक्या-मातीची भिंत), कवेलू (कौले), तट्टे, शेणमातीचे सारवण यांचे दरपृथक्करण आपणच तयार करून द्या, म्हणजे ‘दरसूचीत नाही’ हे कारण पुढे येणार नाही. कारागिराचा दर गवंड्याच्या किंवा सुताराच्या बरोबरीने धरा आणि तसा धरण्याचे कारण लेखी नोंदवा. एकत्र मान्यतेचाच आग्रह झाला, तर निदान ‘नग’ हे परिमाण वस्तूंच्या बाबीत येऊ देऊ नका.

ग्रामसभेशी बोलणे अजून झालेले नाही, असेही आपण लिहिले आहे. नागपूर जिल्हा अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही, त्यामुळे पेसा कायदा (अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) तेथे लागू नाही, आणि ‘पेसा नाही, मग ग्रामसभेची संमती कशाला?’ असे आपल्याला नक्की ऐकवले जाईल. मी वकील नाही, तेव्हा हे कायदा जाणणाऱ्या कोणाकडून तपासून घ्या. पण २००६ चा वनहक्क कायदा अनुसूचित क्षेत्रापुरता मर्यादित नाही. त्याच्या कलम ३ मध्ये सांस्कृतिक विविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक हक्क मान्य केलेला आहे. जागा वनजमीन असेल, तर त्याच कलमाखाली ग्रामसभेच्या शिफारशीने १ हेक्टरपेक्षा कमी जमीन काही ठरावीक सार्वजनिक सुविधांसाठी देता येते, मात्र हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तोडावी लागता कामा नयेत. त्या यादीत सामुदायिक केंद्र आहे. आपले केंद्र त्या व्याख्येत बसते की नाही, हे आराखडा पक्का होण्याआधी लेखी विचारून घ्या. शक्य असेल तर सभा टोल्यावर (वाडीवर) घ्या. गटग्रामपंचायतीच्या मोठ्या सभेत लहान टोल्यावरची माणसे, विशेषतः बाया, बोलत नाहीत.

आता गोटूलविषयी. गोटूल ही गडचिरोलीच्या भामरागड-एटापल्ली भागातील माडिया गोंडांच्या गावांची आणि सीमेपलीकडील बस्तरची संस्था आहे. रामटेक तालुक्यातील गोंड गावांचा इतिहास उत्तरेकडे, आजच्या छिंदवाडा जिल्ह्यातील देवगडच्या राज्याशी जोडलेला आहे. त्याच देवगडच्या बख्त बुलंद शाहाने अठराव्या शतकाच्या प्रारंभी आपले नागपूर वसवले. गडचिरोलीचा बराचसा मुलूख चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) गोंड राजांकडे होता. म्हणून गोल दालन सुंदर दिसेल, पण ते तेथील लोकांचे आहे का, हे त्यांनाच विचारावे लागेल. लोक एकत्र बसतात ती जागा कदाचित एखाद्या झाडाखालचा पार असेल, कदाचित घरापुढचा मांडव असेल. जे सांगतील, तेथून आराखडा सुरू करा.

दुसरी सूचना याहून नाजूक आहे. पेनठाण्याची, म्हणजे पेन या गोंडांच्या देवांच्या स्थानाची, प्रतिकृती करू नका. अनेक गावांत बडादेवाचे ठाणे साजाच्या (ऐनाच्या) झाडाखाली असते, तेथे कोणी जावे आणि केव्हा जावे याचे नियम असतात, आणि चार, पाच, सहा, सात देवांच्या सगांप्रमाणे (कुळगटांप्रमाणे) ते बदलतात. फायबरचे झाड आणि त्याखाली छायाचित्रासाठी उभे राहण्याची जागा असा प्रस्ताव आपल्यापुढेही येईल. तो आला, तर काय दाखवायचे नाही याची यादी ग्रामसभेकडून ठरावासह घ्या आणि तो ठराव नस्तीत (फायलीत) लावा. आपल्या शब्दाला किंमत नसली तरी ठरावाला असते. माघ पौर्णिमेच्या सुमारास गोंदिया जिल्ह्यातील कचारगडला एकदा जाऊन या. तेथे दूरदूरच्या राज्यांतून पेन येतात, आणि जिवंत श्रद्धा काचेच्या पेटीत का बसत नाही, हे मला लिहून सांगता येणार नाही इतके स्पष्टपणे तेथे कळते.

भोपाळही पाहाच. इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयातील उघड्यावरची घरे त्या त्या समाजातील माणसांनी येऊन बांधलेली आहेत. २०१३ मध्ये सुरू झालेल्या जनजातीय संग्रहालयातही आदिवासी कलाकारांच्या हातचे काम भिंतीभिंतीवर दिसते. मात्र पाटणगडच्या परधान चित्रकारांची शैली पाहून तीच आपल्याकडे आणण्याचा मोह होईल. ती आणायची असेल, तर चित्रकारांना बोलवा, त्यांची नावे आणि गावे भिंतीवर लिहा, आणि ही परंपरा दिंडोरी जिल्ह्यातील आहे हे स्पष्ट सांगा. नागपुरातील अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ पासून आहे, तेथील आदिवासी दालनही नजरेखालून घाला, म्हणजे जे आधीच आहे त्याची पुनरावृत्ती होणार नाही.

साहित्याविषयी थोडेच लिहितो. बांबू बोरॅक्स-बोरिक आम्लाच्या द्रावणात मुरवून घेतल्याशिवाय वापरू नका, आणि आगीचा विचार पहिल्या नकाशापासून करा. चंद्रपूरजवळ चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या नव्या इमारतीला २०२२ मध्ये लागलेली आग आपल्याला आठवत असेल. पश्चिमेच्या भिंतीला संग्रह लावू नका, आपला मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. वातानुकूलन फक्त दिवसा चालवून रात्री बंद होणार असेल, तर नसलेलेच बरे, कारण आर्द्रतेच्या रोजच्या चढउताराने लाकूड आणि कातडे जास्त लवकर तडकतात. जाड भिंती, खोल पडवी आणि उंच झरोके यांवर भर द्या. कापड आणि पिसे यांवरील प्रकाश ५० लक्सच्या आसपास ठेवा.

फलकांच्या भाषेचा निर्णय तज्ज्ञांवर सोडू नका. २०११ च्या जनगणनेनुसार गोंडीभाषक सुमारे ३० लाख आहेत, पण देवलापारकडच्या घरांत आज किती गोंडी उरली आहे, हे तेथेच बसून ऐकावे लागेल. लिपीचेही तसेच. १९१८ मध्ये मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी तयार केलेली लिपी आहे, आदिलाबादकडची गुंजाला लिपी आहे, आणि दोन्ही आता युनिकोडमध्ये आहेत. गोंडी लिपी आणि संस्कृतीवर आयुष्यभर काम करणारे डॉ. मोतीरावण कंगाली नागपूरचेच. त्यांचे काम वाचलेली माणसे आपल्या शहरात सापडतात, त्यांना आवर्जून भेटा. ध्वनिमुद्रणांची एक प्रत गाणाऱ्याच्या घरी आणि एक ग्रामसभेकडे राहील, असे करारात लिहा. केंद्र बंद पडले तरी गाणी गावात राहिली पाहिजेत.

हे सारे एका केंद्राच्या अनुभवावरून लिहिले आहे. आपले कार्यालय सहकार्य करणारे असू शकते, आणि तसे असेल तर मला मनापासून आनंद होईल. स्वतंत्र मान्यतेचे पत्र मात्र अंदाजपत्रकासोबतच जाऊ द्या, नंतर नको, कारण तांत्रिक मान्यता झाल्यावर कोणीही ओळी बदलत नाही. कूड आणि तट्टे यांच्या दरपृथक्करणाचा मसुदा तयार झाला की येथेच टाका. मजुरीचे दिवस मी तपासून देईन.