प्रश्न : आर्वीजवळच्या खेड्यात जुनी अ‍ॅम्बेसेडर आहे, डायनॅमो चार्जिंग करत नाही. पार्ट कुठे मिळतील?

नवा डायनॅमो शोधू नका. आहे तोच खोलून तालुक्याच्या सेल्फ-डायनॅमोवाल्याकडे न्या, आणि कार्बन (आत घासून वीज बाहेर आणणारे तुकडे), बुश (दांडा फिरतो ती धातूची कडी), कटआउट (बॅटरीचा करंट डायनॅमोत उलटा जाऊ न देणारा स्विच) ट्रॅक्टर स्पेअरच्या दुकानात विचारा. जुन्या ब्रिटिश बनावटीच्या ट्रॅक्टरांनाही लुकास या ब्रिटिश कंपनीचेच डायनॅमो असत, म्हणून कापसाच्या पट्ट्यात हा माल अजून सापडू शकतो. दुकानदाराला गाडीचं नाव सांगितलं की तो सरळ "बंद झालं" म्हणतो. त्यापेक्षा डायनॅमोच्या बॉडीवर ठोकलेला नंबर आणि काढलेला जुना कार्बन काउंटरवर ठेवा. बऱ्याचदा बिघाड तेवढाच असतो: कार्बन झिजलेले, कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) काळा पडलेला. आर्मेचर (आत फिरणारी तारेची गुंडाळी) जळालंच असेल तर रिवाइंडिंग होतं, म्हणजे नवी तार गुंडाळून मिळते. तिथे जमलं नाही तर अमरावती-नागपूर, शेवटी दिल्लीचं कश्मीरी गेट.

एक मात्र आधी बघा: बॅटरीची कोणती तार बॉडीला जोडली आहे? फार जुन्या गाड्यांत प्लस अर्थिंग असतं, म्हणजे प्लसची तार बॉडीला. अशा गाडीला डायनॅमोऐवजी आजचा अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं नवं यंत्र) तसाच जोडला तर त्याचे डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) लगेच जळतात.