आरएनए आणि एस.वाय.चा वर्ग, दोन्ही निभतं का?

प्रश्न: मॅडम, पुण्यात आरएनएवर (पेशीतल्या, डीएनएसारख्याच साखळीच्या रेणूवर) पीएचडी केली आणि घरच्या कारणानं देवगडला परत आले. आता जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. गाइड म्हणतात, शिकवण्यात अडकलीस की संशोधन संपलं. स्टाफरूममध्ये सांगतात, पोर्शन संपव, नसत्या भानगडीत पडू नकोस. मला दोन्ही हवंय, आणि शिकवण्यातली सुधारणाही संशोधकासारखी करावीशी वाटते. असं करिअर होऊ शकतं का?
एक प्राध्यापिका, देवगड

उत्तर: होऊ शकतं, आणि त्याचं ठळक उदाहरण तुमच्याच विषयात आहे. थॉमस चेक. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात, बोल्डरला, त्यांच्या गटानं १९८२ मध्ये दाखवून दिलं की टेट्राहायमेना या एकपेशीय जिवाचा आरएनए स्वतःमधला ४१३ अक्षरांचा तुकडा आपणच कापून टाकतो आणि उरलेली टोकं जोडतो. तोवर पेशीतली असली कामं प्रथिनांचीच, असं सगळे धरून चालत. १९८९ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना सिडनी ऑल्टमन यांच्याबरोबर मिळालं. याच चेक यांनी बोल्डरमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना जनरल केमिस्ट्री शिकवलेली आहे. २००० ते २००९ ते हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूट या संशोधनाला पैसे देणाऱ्या अमेरिकी संस्थेचे अध्यक्ष होते. त्या काळात, २००२ मध्ये, या संस्थेनं २० नामवंत संशोधकांना प्रत्येकी १० लाख डॉलर दिले, ते पदवीच्या मुलांना विज्ञान अधिक चांगलं कसं शिकवता येईल यावर काम करण्यासाठी. अध्यक्षपद संपल्यावर चेक पुन्हा बोल्डरला परतले.

पण तुम्ही त्यांच्याकडून घ्यायचं ते वेगळंच आहे. आरएनए आपोआप कापला जातोय हे दिसल्यावर त्यांच्या गटाला पहिली शंका आली ती स्वतःच्या नमुन्याची. कुठलं तरी प्रथिन चिकटून राहिलं असणार. म्हणून त्यांनी नमुना उकळला, डिटर्जंट घातलं, प्रथिनं पचवणारं एन्झाइम घातलं. तरी कापणं थांबेना. शेवटी त्या आरएनएचा जीन ई. कोलाय जिवाणूत वाढवला आणि त्यावरून आरएनए परीक्षानळीत तयार केला, म्हणजे टेट्राहायमेनाच्या प्रथिनाशी त्याचा कधी संबंधच आलेला नाही. तोही कापला गेला, तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली.

आता आपल्या वर्गाकडे बघा. ‘मी शिकवलं, म्हणजे मुलांना कळलं’ हे आपण कशावरून म्हणतो? लॅबमध्ये रेणू वेगळे करणाऱ्या जेलवर एक बँड (पट्टा) दिसला नाही तर आपण आठवडा घालवतो, आणि अख्ख्या वर्गाला एक संकल्पना कळली नाही तर ‘मुलं अभ्यास करत नाहीत’ म्हणून मोकळे होतो. लॅबमधली शंका वर्गातही घ्यायला लागलात की दोन्ही कामं एकाच स्वभावाची होतात. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

एक प्रॅक्टिकल सांगते, तुमच्याकडेही असेलच: यीस्टचा आरएनए आणि ओर्सिनॉल, म्हणजे आरएनए ओळखायला वापरायचं रसायन. आरएनएत ओर्सिनॉल घालायचं, नळी उकळत्या पाण्यात ठेवायची, हिरवा रंग आला की रीडिंग घेऊन ग्राफ काढायचा. मुलं हे डोळे मिटून करतात आणि जर्नल सबमिट होतं. मी त्यात एक नळी वाढवते. त्यातल्या आरएनएवर आधी अर्धा तास आरएनेज ए, म्हणजे आरएनए तोडणारं एन्झाइम, सोडून ठेवायचं. मग नळ्या उकळायच्या आधी सगळ्यांना थांबवते आणि विचारते, ‘या नळीत रंग येईल का?’ प्रत्येकानं आपलं उत्तर पेननं जर्नलच्या कोपऱ्यात लिहायचं, नंतर खोडायचं नाही. बहुतेक जण लिहितात, येणार नाही, आरएनए संपला.

दोन्ही नळ्या हिरव्या होतात.

मग जो गलका होतो तो मला फार आवडतो. लांज्याहून पहाटेची एसटी पकडून आलेली, एरवी शेवटच्या बाकावर गप्प बसणारी मुलगी म्हणते, ‘बाई, एन्झाइमच खराब असेल.’ उत्तम! मग ते तपासायचं कसं, हे त्यांनीच सुचवायचं. थोडी वाट दाखवली की मुलं तिथवर पोचतात: नव्या दोन नळ्या, थोडं मीठ, बर्फात थंड केलेलं अल्कोहोल. साध्या आरएनएची नळी पांढरी गढूळ होते, कारण लांब साखळ्या अल्कोहोलात विरघळत नाहीत; दुसरी बरीचशी नितळ राहते. म्हणजे एन्झाइमनं काम चोख केलं होतं. साखळी तुटली, पण रायबोज साखर नळीतच राहिली, आणि ओर्सिनॉलला दिसते ती साखर. साखळी अखंड आहे की तुटलेली, हे त्याला कळतच नाही.

संशोधकाचं काम इथून पुढे सुरू होतं. बॅचेस रोल नंबरनं पडतात, हुशारीनं नाही, त्याचा फायदा घ्या. एका बॅचला हे प्रॅक्टिकल अशा पद्धतीनं द्या, दुसरीला नेहमीसारखं. दोन-तीन आठवड्यांनी दोघींना न सांगता एकच प्रश्न टाका: आरएनए सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवला, तर ओर्सिनॉलचा रंग येईल का? (सोडियम हायड्रॉक्साइडही साखळीच तोडतं.) उत्तरं मोजा, लिहून ठेवा, आणि मग दुसऱ्या बॅचलाही ते प्रॅक्टिकल द्याच. त्या मुलांचा तो हक्क आहे. एका वर्षाच्या आकड्यांवर कुणाला काही सांगायला जाऊ नका, पुढच्या वर्षी पुन्हा करा.

हा हौसेचा उद्योग नव्हे. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या लेक्चरच्या वर्गात नापास होणाऱ्यांचं प्रमाण ३३.८ टक्के होतं, मुलांना वर्गातच विचार करायला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. आपल्याकडे के.टी. लागली की कितीतरी मुलांचं शिक्षण तिथेच थांबतं, बापाच्या होडीवर नाहीतर आंब्याच्या पेट्या भरायला जातात. त्यामुळे हा फरक मला कागदावरचा वाटत नाही.

लॅबच्या कामाबद्दल मात्र स्पष्ट सांगते. जुलैत वीज तासन्‌तास जाते आणि उणे ८० चा फ्रीजर आपल्या कॉलेजांत सहसा नसतो. आरएनेज बोटांवर असतं, उकळूनही सहज मरत नाही. तेव्हा नमुने साठवण्यावर उभा असलेला प्रकल्प इथे हाती घेऊ नका. आरएनएच्या घड्या आणि अनुक्रम यांचं संगणकावरचं काम इथून नीट होतं, आणि सुट्टीत जुन्या लॅबमध्ये जाऊन प्रयोग करता येतात. तीन विज्ञान अकादमींची समर रिसर्च फेलोशिप शिक्षकांनाही मिळते. कॉलेजची तयारी असेल तर जैवतंत्रज्ञान विभागाच्या स्टार कॉलेज योजनेतून पदवीच्या लॅबसाठी पैसे मागता येतात. शिकवण्यावरचे निष्कर्ष छापायला ‘सीबीई लाइफ सायन्सेस एज्युकेशन’ हे जर्नल आहे, वाचायला मोफत. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र तर या विषयात १९७४ पासून काम करतंय. तासिका तत्त्वावर मिळणाऱ्या मानधनात हे सगळं ओढणं अन्यायाचं आहे, हे मी जाणते. म्हणून एका सत्रात एकच प्रॅक्टिकल बदला.

प्रश्न: आमच्या मॅडम नोट्स देत नाहीत. गटात बसवतात, प्रश्न देतात, चर्चा करायला लावतात. तास संपल्यावर वाटतं, आज काहीच शिकलो नाही. दुसऱ्या सरांचं लेक्चर कसं छान समजतं. तक्रार करावी का?
टी.वाय.चा विद्यार्थी, चिपळूण

उत्तर: अरे, तुला वाटतंय ते खोटं नाही, पण त्यावरून निकाल काढू नकोस. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या मुलांवर नेमका हाच प्रयोग झाला, २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सफाईदार लेक्चर ऐकणाऱ्या मुलांना वाटलं, आपण जास्त शिकलो. चाचणीत मात्र गटात बसून डोकं खाजवणारी मुलं पुढे निघाली. अडखळत विचार करताना त्रास होतो, आणि तो त्रास न शिकल्यासारखा वाटतो. सरांच्या छान समजलेल्या लेक्चरमधलं एखादं उत्तर चार दिवसांनी वही न उघडता लिहून बघ. तसंच मॅडमच्या तासाचंही. मग तक्रार करायची का ते ठरव. मात्र चर्चेच्या शेवटी योग्य उत्तर काय आणि का, हे मॅडम सांगत नसतील, तर ते जरूर माग. मुलांना अधांतरी सोडून तास संपवणं मलाही मान्य नाही.

प्रश्न: मुलगी बारावीत आहे, आरएनएवर संशोधन करायचं म्हणते. आमच्या काजूच्या बागा. या शिक्षणाचा इथे काय उपयोग, असं घरात सगळे विचारतात.
एक पालक, दोडामार्ग

उत्तर: हा प्रश्न दोडामार्गातून यावा याचं मला नवल वाटलं. तुमच्या तालुक्यात २०१६ मध्ये माकडतापानं काय हाल केले ते तुम्ही पाहिलं असेल. गोचिडीतून येणारा हा विषाणू, १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा सापडलेला, आरएनएचाच आहे. काजूच्या हंगामात ताप आलेल्या माणसाचं रक्त तपासतात तेव्हा त्यात हाच आरएनए शोधतात, आणि नमुना थंड ठेवून वेळेत पोचला नाही तर आरएनए तुटतो आणि निदान हुकू शकतं. या कामाला तुमच्या भागातलं रान, बागा आणि माणसं ओळखणारं कुणीतरी हवंच आहे. मुलीला आयसरची, म्हणजे विज्ञानाचं शिक्षण आणि संशोधन एकत्र करणाऱ्या केंद्रीय संस्थांची, प्रवेश परीक्षा देऊ दे. तिथे पहिल्या वर्षापासून शिकवणारे स्वतः संशोधन करत असतात. नाही जमलं तर जवळच्या कॉलेजात बी.एस्सी.ला घाला, फक्त प्रवेशाआधी तिला घेऊन तिथली लॅब बघून या आणि तिथल्या मुलांना विचारा, प्रॅक्टिकल स्वतःच्या हातानं करायला मिळतं का.