बॅकसाइड टेलस्लाइडआधी

अगं,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तीन आठवडे झाले, रोज संध्याकाळी तू स्केटबोर्डवरून त्या लेजकडे, म्हणजे कट्ट्याकडे, जातेस, गुडघे वाकवतेस आणि ऑली, म्हणजे बोर्डसकट उडी, मारायच्या क्षणी बोर्डवरून उतरून तशीच चालत पुढे जातेस. मागून पोरं ओरडतात, "टाक ना, एवढं काय त्यात!" घरी गेल्यावर रडू येतं. शेवटच्या ओळीत तू विचारलंयस, "दादा, मी भित्री आहे का?"

नाहीस. बॅकसाइड टेलस्लाइड म्हणजे बोर्डची टेल, मागचं टोक, लेजच्या कडेवर टेकवून घसरत जाणं, आणि त्यात लेज तुझ्या पाठीशी असतो. बोर्ड हवेत नव्वद अंशात वळला की जायच्या दिशेला तुझी पाठ येते. जिकडे पडायची शक्यता जास्त, तिकडेच नजर सहज पोचत नाही. अशा वेळी शरीर "थांब" म्हणतं, आणि ते ऐकणारी मुलगी मला न ऐकणाऱ्या दहा जणांपेक्षा जास्त आवडते. फक्त शरीर नेमकं कशाला घाबरतंय हे तू त्याला अजून विचारलेलं नाहीस.

म्हणून आधी एक काम कर. बोर्ड बाजूला ठेवून लेजवर बस आणि वहीत लिही, काय होईल असं वाटतंय. "पडेन" हे उत्तर धरायचं नाही. बोर्ड अडकून पडशील की पायाखालून निसटून? कमरेवर, कोपरावर, की डोक्यावर? तू पाठवलेला व्हिडिओ बघून मी माझा अंदाज सांगतो: तुला अडकून पाठीवर पडायची भीती आहे. लेजपासून पाच-सहा फुटांवर तुझा वेग मरतो. शेवटचा पुश, जमिनीला पायानं द्यायचा रेटा, तू मारतच नाहीस.

सगळी गोम तिथेच आहे. भीती वाटली की माणूस हळू होतो. जिना उतरताना ते शहाणपणाचं असेल, पण इथे घात होतो. लाकडाची टेल दगडाच्या कडेवर टेकली की घर्षण तिला धरायला बघतं. वेग पुरेसा असेल तर टेल घसरत राहते. वेग कमी असेल तर ती टेकल्या जागी चिकटते, बोर्ड थांबतो, आणि तुझं अंग मात्र पुढे जातच राहतं. पाठ पुढे असल्यामुळे ते पाठीवर जातं. तू ज्या पडण्याला भितेस, ते तुझ्या हळू जाण्यातूनच येतं. हे मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर माझा उजवा हात वाचला असता. त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी दगडाचं बोलू. आपण ज्याला लेज म्हणतो तो म्हाताऱ्या माणसांचा बसायचा कट्टाच. कुठे कडाप्पा असतो, कुठे ग्रॅनाइट, कुठे नुसतं सिमेंट. नवा कट्टा दिसला की त्याच्या कडेवरून आधी तळहात फिरव. कड खरखरीत लागली, कपचा उडालेला दिसला, तर त्या ठिकाणी टेल हमखास अडकणार. कडेला लोखंडी अँगल बसवलेला असेल तर त्याचा सांधा बघ. दोन तुकडे जिथे जुळतात तिथे नख अडकलं तर बोर्डही अडकेल. मग मेण. साधी पांढरी मेणबत्ती पुरते. कडेच्या वरच्या बाजूला आणि उभ्या बाजूला, दोन्हीकडे घास. वीतभर घासायचं, एकदा टेल हातानं दाबून सरकवून बघायची, मग पुढची वीत. तू व्हिडिओत घासलंस तसं अख्ख्या कट्ट्यावर एकदम मेण फासू नकोस. टेल अपेक्षेपेक्षा जोरात सटकली तर बोर्ड निसटतो, आणि ती भीती तुझ्या यादीत नव्हतीच, उगाच नवी पाहुणी कशाला बोलवायची? शिवाय त्या कट्ट्यावर संध्याकाळी आजोबा बसतात. त्यांच्या कपड्यांना मेण लागता कामा नये. जाताना जुन्या फडक्यानं पुसून जात जा.

आता मूळ युक्ती. ही मी सांगतोय त्याच क्रमानं कर.

पहिल्या दिवशी ऑली मारायचीच नाही. बोर्ड हातानं उचलून टेल लेजवर ठेव. नोज, म्हणजे बोर्डचं पुढचं टोक, लेजपासून लांब, मागची चाकं लेजच्या उभ्या बाजूला टेकलेली. कुणाचा तरी खांदा धरून त्यावर उभी राहा. मागचा पाय टेलच्या पोटात, पुढचा पाय जवळजवळ सरळ. या अवस्थेत निदान पाच मिनिटं राहा. चाकं दगडाला भिडली की बोर्ड कुलूप लागल्यासारखा बसतो, तो बसल्याचं मागच्या टाचेला कळतं. ते टाचेला पाठ व्हायला हवं, कारण खरी वेळ येईल तेव्हा खाली बघायला सवड नसेल.

मग खांदे. बहुतेक जण इथेच चुकतात. बोर्ड वळतो म्हणून आपण अख्खं अंग वळवतो आणि पाठमोरे होऊन बसतो. खांदे लेजला समांतरच राहायला हवेत. पुढचा खांदा जायच्या दिशेला, हनुवटी त्या खांद्यावर, नजर लेजच्या शेवटाकडे. वळायचं ते कमरेखालून. धुणं पिळताना एक टोक घट्ट धरून दुसरं फिरवतो ना, तसं. एकदा पीळ बसला की बाहेर पडणं सोपं होतं. लेज संपला, टेल मोकळी झाली की पीळ आपोआप सुटतो आणि पाय खांद्यांच्या रेषेत परत येतात, तू पुन्हा सरळ. सपाट जमिनीवर उभ्या उभ्या हा पीळ घेऊन सोडायचा सराव घरच्या गच्चीवरही होईल.

तिसरी गोष्ट बाहेर पडण्याची, आणि माझ्या मते ती सगळ्यांत महत्त्वाची. लेजच्या सुरुवातीला चढू नकोस. शेवटच्या हातभर टोकावर चढ. टेल टेकली, वीतभर सरकली की लेज संपतो आणि तू खाली. अडकायला जागाच उरत नाही. टेकायचं आणि सुटायचं. हे पंधरा-वीस वेळा झालं की दोन फूट आधी चढ, मग तीन. लांब स्लाइडचा मोह पहिल्या महिन्यात नको.

आणि सोडून द्यायचा सराव. पूर्ण वेगात जा, ऑली मार, आणि ठरवून बोर्ड सोड. बोर्ड पायानं लांब ढकल, दोन्ही पाय जमिनीवर, चार पावलं पळ. दहा वेळा कर. वाईट पडणं येतं ते अर्धवट मनातून. एक पाय बोर्डवर राहतो, दुसरा उतरायला बघतो आणि बोर्ड मधल्यामध्ये फिरतो. जायचं तर दोन्ही पाय बोर्डवर, सोडायचं तर दोन्ही पाय बाहेर. आत्ता तू ऑलीआधीच उतरतेस, म्हणजे हवेतून उतरायचं कसं हे शरीराला माहीतच नाही. ते कळल्यावर तुझा शेवटचा पुश तुझा तूच परत येईल, मला सांगावंही लागणार नाही.

तरीही पडशील. पाठीवर जातेयस असं वाटलं की हनुवटी छातीला लाव आणि हात मागे ताठ टेकू नकोस. मी टेकला होता. रविवारची सकाळ होती, मी हळू गेलो होतो, टेल चिकटली आणि मी उजव्या तळव्यावर सगळा भार घेतला. सूज फार नव्हती. मुरगळला असेल म्हणून मी दोन दिवस बर्फ लावत बसलो. अंगठ्याच्या मुळाशी, अंगठा ताणला की जो खळगा दिसतो, तिथे दाबलं की कळ येत होती. एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. बारा दिवसांनी पुन्हा काढला तेव्हा स्कॅफॉइड या छोट्या हाडाला चीर निघाली. हे हाड असंच आहे, पहिल्या एक्स-रेत बऱ्याचदा लपतं, आणि त्याचा रक्तपुरवठा तोकडा असल्यानं भरायलाही वेळ लावतं. माझे तीन महिने गेले. म्हणून त्या खळग्यात दुखलं तर "काही नाही गं" म्हणायचं नाही, डॉक्टरांना नेमकी ती जागा दाखवायची.

ओल्या दगडावर तर जाऊच नकोस, थोडंसं ओलं असलं तरीही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांची स्केटबोर्डिंगची स्ट्रीट स्पर्धा (पायऱ्या, कठडे, लेज यांवरची) २७ जुलै २०२४ ला होती, ती पावसामुळे २९ जुलैवर गेली. अख्खं जग बघत असताना ते दोन दिवस थांबले, तर आपण एक संध्याकाळ थांबू शकतो. त्या दिवशी जपानच्या युतो होरिगोमेनं शेवटच्या प्रयत्नात ९७.०८ गुण मिळवले आणि ०.१० च्या फरकानं सुवर्ण नेलं. त्याआधी तो लागोपाठ हुकत होता. ते प्रयत्न शोधून बघ. जिंकलेला प्रयत्न सगळेच बघतात.

पोरांच्या ओरडण्याबद्दल. त्यातला एक जण मनापासून तुला धीर देत असेल, बाकीचे नुसता गलका करतात. "आज नाही" एवढं म्हणून निघून यायचा तुला पूर्ण हक्क आहे, रोज आहे. एखाद्या दिवशी अंग जड असतं, झोप झालेली नसते. त्या दिवशी सपाटीवर ऑली मार आणि घरी जा.

आईला तुझ्या पडण्याची काळजी वाटते असं तू लिहिलंयस, त्याचा मी बराच विचार केला. तिला टोकियो ऑलिंपिकमध्ये तेराव्या वर्षी स्केटबोर्डिंगचं सुवर्ण जिंकलेल्या मोमिजी निशियाची गोष्ट सांगू नकोस. आईला पदकांची काळजी नाहीये. तिला एकदा तिथे घेऊन ये. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट लावलेला दाखव, मग ठरवून बोर्ड सोडून पळून दाखव. आपली लेक पडताना काय करते हे तिनं डोळ्यांनी पाहायला हवं.

शनिवारी सकाळी साडेसहाला ये. दगड तेव्हा गार असतो आणि कट्टा रिकामा. मेणबत्ती, जुनं फडकं आणि लांब पँट आण. वहीतलं पानही आण, मला वाचायचंय. मी लेजच्या शेवटच्या टोकाशी उभा राहीन, धरायला खांदा माझा घे.

तुझा,
दादा