पट कमी म्हणून शाळा उचलणार म्हणतात, आम्ही काय करायचं?

प्रश्न : ताई, आम्ही वडोदऱ्याला वाडीत राहतो. माझी धाकटी दुसरीत आहे, मागच्याच गल्लीतल्या म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत. आता शाळेतल्या बेन, म्हणजे बाई, म्हणतायत की पट कमी झालाय, पुढच्या सत्रापासून आपली शाळा दुसऱ्या शाळेत मर्ज होणार. ती शाळा मेन रोडच्या पलीकडे, आणि तिथे मराठीचे वर्ग राहतील का हळूहळू गुजरातीत घालतील ते कोणीच नीट सांगत नाही. मिस्टर सकाळीच मकरपुऱ्याला कंपनीत जातात, मी दोन घरी स्वयंपाकाला जाते, पोरीला तिची आजी हात धरून सोडते. आम्ही काही आया मिळून विरोध करायचं म्हणतोय पण सगळे म्हणतात वरून ऑर्डर आली की काही होत नाही. खरंच नाही होत का?
— एक आई, वाडी

उत्तर : होतं. पण ऑर्डर निघायच्या आधी केलं तर जास्त होतं, म्हणून आजच सुरू करा.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट मला ती आजीची वाटली. आजीला गल्लीतून शाळेपर्यंत चालता येतं, मेन रोड ओलांडून नाही येत, आणि ज्या घरात आई-बाप दोघं कामाला जातात तिथे पोर शाळेत जाणार का नाही हे त्या एवढ्याशा अंतरावर ठरतं. ऑफिसात नकाशावर बघणाऱ्याला ते दिसत नाही, ते तुम्हालाच दाखवायला लागेल.

कायदा तुमच्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, त्यातलं कलम 6 म्हणतं की शेजारात शाळा असली पाहिजे, आणि केंद्राच्या नमुना नियमांत शेजार म्हणजे पहिली ते पाचवीला चालत 1 किलोमीटर, सहावी ते आठवीला 3. आता ऑफिसवाले म्हणतील की नवी शाळा एक किलोमीटरच्या आतच आहे. तिथे गप्प बसू नका, कारण त्याच नियमांत असंही आहे की रस्ता लहान मुलांना धोक्याचा असेल, पुराची भीती असेल, तर हे अंतर कमी धरायचं. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात कुठे कुठे शिरलं ते अख्ख्या वडोदऱ्याने बघितलंय, तुमच्या वाटेवर पाणी भरत असेल तर त्याचे फोटो लावा. आणि एकदा शाळा भरायच्या वेळेला पोरीला आणि आजीला घेऊन नव्या शाळेपर्यंत चालून बघा, मोबाईलवर व्हिडिओ काढा, किती वेळ लागला, कुठे फुटपाथ नाही, कुठे सिग्नल नाही सगळं लिहा. नुसतं "लांब पडतं" लिहिलेला अर्ज फाईलमध्ये जातो आणि तिथेच राहतो.

आता पटाचं. मला याचा खरंच राग येतो, कारण पट कमी आहे म्हणताना तो का कमी झाला हे कोणी विचारत नाही. गुजरातमध्ये 2023-24 पासून पहिलीला 1 जूनला 6 वर्षं पूर्ण पाहिजेत असा नियम लागला, त्याहून लहान पोरं बालवाटिकेत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात गेली. म्हणजे त्या वर्षी पहिलीचा वर्ग बारीक दिसणारच, आणि तोच बारीक वर्ग मग दुसरी, तिसरी, चौथी असा वर सरकत राहणार. तुमची शाळा रिकामी होतेय का फक्त ती एक बॅच लहान आहे हे इयत्तावार आकडे मागितल्याशिवाय कळायचं नाही, म्हणून मागच्या पाच वर्षांचा इयत्तावार पट मागा, बालवाटिकेसकट. शिक्षकांचंही बघा. कायद्याच्या परिशिष्टात आहे की 60 मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला 2 शिक्षक पाहिजेत. पुष्कळदा आधी एक शिक्षक काढतात, मग पालक म्हणतात इथे शिकवायला कोण आहे, पोरं दुसरीकडे नेतात, आणि मग पट कमी म्हणून शाळा बंद.

हे सगळं माहिती अधिकारात मागता येतं, गुजरातमध्ये फी 20 रुपये आहे आणि 30 दिवसांत उत्तर द्यायला लागतं. मर्जचा प्रस्ताव कोणी पाठवला, अंतर कसं मोजलं, मराठी माध्यमाचे वर्ग आणि शिक्षक कायम राहणार का हे लेखी विचारा, आणि शाळा हलल्यावर त्या इमारतीचं काय करणार हेही जरूर विचारा, जुन्या शहरातली जागा आहे ती.

पण त्याच्याही आधी एसएमसीची मीटिंग लावा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका पाहिजेत, म्हणजे ती तुमचीच समिती आहे. तिने विरोधाचा ठराव करायचा, सह्या घ्यायच्या, तो म्युनिसिपालिटीच्या शाळा बघणाऱ्या शासनाधिकाऱ्यांकडे इनवर्ड करून शिक्का मारलेली कॉपी आपल्याकडे ठेवायची. आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकालाही एक द्या. भाषेचा मुद्दा ठरावात वेगळा लिहा. घटनेचं कलम 350 अ म्हणतं की भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणून राज्याने आणि स्थानिक संस्थेने सोय करायची, आणि गुजरातमध्ये आपण मराठी बोलणारे ते अल्पसंख्याकच.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलते. एकाच इमारतीत सकाळ-दुपार दोन शाळा भरतायत, दोन्हीकडे चार-चार इयत्ता एकच बाई सांभाळतेय, माध्यमही एकच, तर तिथे मर्जला विरोध करू नका. पोरांचं चालणं वाढत नाही आणि शिक्षक वाढतात. आणि मोर्च्यात पुढे उभे राहणारे आपले मराठी लोक, त्यातल्या ज्यांची पोरं पहिलीच्या वयाची आहेत त्यांनी आधी या शाळेत नाव घालावं. ठरावाला जोडून नव्या ॲडमिशनची दहा नावं दिलीत ना, तर तेवढं वजन शंभर सह्यांना नसतं.

लढून काय होतं विचारता तर उत्तर प्रदेशचं बघा. जून 2025 मध्ये तिथे 50 पेक्षा कमी पटाच्या शाळा जोडायची ऑर्डर निघाली, सीतापूरची मुलं हायकोर्टात गेली, सिंगल बेंचने, म्हणजे एका न्यायाधीशाने, अर्ज फेटाळले, तरी त्यांनी अपील केलं आणि 24 जुलैला दोन न्यायाधीशांच्या डिव्हिजन बेंचने सीतापूरपुरतं आहे तसं ठेवा म्हणून सांगितलं. मग सरकारनेच जाहीर केलं की 1 किलोमीटरपेक्षा लांबच्या शाळा जोडणार नाही. शिकागोला 2015 मध्ये डायट हायस्कूल बंद झाल्यावर पालक आणि वस्तीतले लोक 34 दिवस उपोषणाला बसले, पुढच्या वर्षी शाळा परत उघडली. तुम्ही उपोषणाला बसा असं मी अजिबात म्हणत नाही, बंद झालेली शाळा उघडायला केवढं सोसायला लागतं ते बघा, म्हणूनच म्हणते आत्ताच हला. आणि हे वडोदरा आहे. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीचं मोफत शिक्षण करून बघितलं आणि 1906 मध्ये सगळ्या राज्याला लागू केलं, मुलींनासुद्धा. त्या शहरात दुसरीतल्या पोरीची शाळा रस्त्यापलीकडे जाते तर तुम्ही विचारणारच, बिनधास्त विचारा.

प्रश्न : आमची शाळा तर गेल्या वर्षीच मर्ज झाली. नातू तिसरीत आहे, नव्या शाळेत जायलाच मागत नाही, सगळं गुजरातीत चालतं म्हणतो. आता काही उपाय आहे का?
— एक आजोबा, फतेपुरा

उत्तर : आहे आजोबा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे म्युनिसिपालिटीकडे, लेखी तक्रार द्या, त्यांना 3 महिन्यांत निर्णय द्यायला लागतो, नाही पटला तर राज्य बाल हक्क आयोगाकडे अपील. तक्रारीत मागणी नेमकी ठेवा : मराठीचा वेगळा वर्ग आणि मराठी शिकवणारा शिक्षक. तुमच्या जुन्या शाळेतली किती मुलं आता नव्या शाळेत येतच नाहीत त्यांची यादी पालकांकडून करून तिला जोडा, ती मुलं कुठे गेली याचं उत्तर त्यांना द्यायला लागेल. तोपर्यंत नातवाचं नाव काढू नका, आणि जमलं तर काही दिवस तुम्ही स्वतः त्याच्या वर्गाच्या बाईंना भेटत राहा, पोरगा कुठे अडकतो ते त्यांना मराठीतून सांगणारं कोणीतरी पाहिजे.