रोज सकाळी रिकाम्या पोटी मोहरीची पूड कोमट पाण्यातून घेतली तर वजन उतरतं का? फोडणीखेरीज मोहरीचा उपयोग काय?

नाही, उतरत नाही. वेळ नसेल तर एवढं वाचून थांबलात तरी चालेल.

वेळ असेल तर ऐका. चमचाभर मोहरीपूड पाण्यात कालवून पाजणं हा पूर्वी उलटी काढायचा घरगुती उपाय होता. पोटात काही भलतंसलतं गेलं की हे पाणी पाजायचे. (आता कुणी तसं करू नका, सरळ दवाखाना गाठा.) तेच पाणी तुम्ही पहाटे उठून अनशापोटी प्यायचं म्हणता. मळमळेल, छातीत जळजळेल, दुपारी जेवण जाणार नाही, आणि त्यापायी एखादा किलो उतरलाच तर श्रेय मोहरीला. तिखट खाल्लं की घटकाभर अंगात ऊब येते, घाम सुटतो. त्यालाच हल्ली 'मेटाबॉलिझम वाढतो' म्हणायची पद्धत पडली आहे. आयुर्वेद मोहरीला उष्ण-तीक्ष्ण म्हणतो. कफवात कमी करणारी, पण पित्त वाढवणारी. फॉरवर्डमध्ये 'पण'च्या पुढचं कधीच येत नाही.

फोडणीतल्या मोहरीतून मॅग्नेशियम आणि सेलेनियम मिळतं असंही कुणी तरी लिहीलच. असतं दोन्ही, नाही असं नाही. पण चार माणसांच्या आमटीत चिमूटभर मोहरी जाते, तीही निम्मी वाटीच्या तळाशी राहते. मोहरी चवीसाठी खायची.

आता दुसरा प्रश्न. फोडणीखेरीज मोहरीची खरी जागा म्हणजे फेसलेली मोहरी, म्हणजे पाणी घालून फेस येईपर्यंत वाटलेली. लाल भोपळ्याचं दह्यातलं भरीत, काकडीची कोशिंबीर, लिंबाच्या रसातल्या मिरच्या, थंडीतलं भाज्यांचं लोणचं. गोव्यात पिकलेल्या आंब्यांचं सासव करतात, ओलं खोबरं, गूळ, सुकी मिरची आणि मोहरी घालून. त्यात मोहरी कमी पडली तर नुसता गोड रस उरतो. बंगाल्यांची कासुंदी आणि मोहरीतली हिल्सा तर सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या पिढीनंतर मराठी घरांतून फेसलेली मोहरी जवळजवळ गेलीच. मुली म्हणतात, कडू होते. होणारच, कारण ती फेसायची कशी हे कुणी धड सांगितलेलं नाही, आणि ज्यांनी सांगितलं त्यांनी चुकीचं सांगितलं. हे मी कुणाला उद्देशून लिहिते आहे ते पुढे कळेल.

१९८४ चा जानेवारी. वाईला आमचा वाडा, लग्नानंतरचा माझा पहिला हिवाळा. फ्लॉवर, गाजर, मटार, ओली हळद असं लोणचं घालायचं ठरलं. चिरलेल्या भाज्या माजघरात पंच्यावर पसरून कोरड्या करत ठेवल्या होत्या. थोरल्या वन्सं माहेरपणाला आलेल्या, त्यामुळे स्वयंपाकघराचा ताबा त्यांच्याकडे. मोहरी फेसायचं काम नव्या सुनेकडे, म्हणजे माझ्याकडे. गारठा असा की पाट्यावर हात ठेववेना. वन्सं म्हणाल्या, "थांब, बंबातलं पाणी आणते, हात आखडतील तुझे." आणलं. चांगलं वाफाळतं होतं. प्रेमानेच आणलं, ते मी नाकारत नाही.

फेसली. मोहरी नीट फेसली जात असली की वरवंट्याखाली तिचा रंग फिकट होत जातो, ती हलकी होते, कडेला बारीक फेस धरते. आणि मग एका क्षणी वास नाकातून सरळ कपाळात जातो, डोळ्यांत टचकन पाणी येतं. तिला मोहरी चढली म्हणतात. त्या दिवशी रंग आला, फेस आला, पण नाकाला काही म्हणजे काही नाही. अर्धा तास मी तो गोळा रगडला. वन्संनी बोटावर घेऊन चाटला आणि तोंड वाकडं केलं. "कडू जहर!" मग सासूबाई, शेजारच्या काकू आणि बाहेर ओसरीवर बसलेले मामंजी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मोहरी फेसायला रागीट बाई लागते. हिला रागच येत नाही, मोहरी कुठून चढायची!"

आमच्याकडे हा समज होता. तुमच्याकडेही असेल.

मोहरी फुकट घालवायची नाही म्हणून ती तशीच लोणच्यात गेली. बरणी फडताळात खालच्या फळीवर. येणाऱ्याजाणाऱ्याला वाढताना प्रस्तावना व्हायची, "सूनबाईंची मोहरी चढली नाही हो." काही दिवसांनी सासूबाईंनी लिंबू-मिरचीसाठी पुन्हा फेसायला सांगितली. वन्सं आंघोळीला गेलेल्या, बंबाकडे कोण जाणार? रांजणातलं पाणी घेतलं. बर्फासारखं. पाटा तोच, हात तेच, मोहरीही त्याच पुरचुंडीतली. अशी चढली की ओसरीवर मामंजींना लागोपाठ शिंका यायला लागल्या. वन्सं ओल्या केसांनी बाहेर आल्या, वास घेतला आणि म्हणाल्या, "बघा, आला की नाही राग!"

यावर माणसाने बोलावं काय? नाही चढली तर राग नव्हता, चढली तर राग होता. दृष्ट काढतानाही हेच चालतं. विस्तवावर मिरच्या टाकल्या आणि ठसका लागला नाही, तर दृष्ट भारी होती. मीठ-मोहरी ओवाळून टाकायला माझी ना नाही, नातवंडांवरून मीही ओवाळते. पण पुरावा म्हणून ते कुणी माझ्यापुढे आणू नये.

खरं कारण असं आहे. अख्ख्या मोहरीला वास नसतो, चावेपर्यंत तिखटपणाही नसतो. दाण्याच्या आत दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात. एक सिनिग्रिन, चवीला कडवट. दुसरं मायरोसिनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम. दाणा फुटला आणि पाणी मिळालं की दोघांची गाठ पडते, आणि विकर सिनिग्रिन तोडून ॲलिल आयसोथायोसायनेट तयार करतं. नाकात जातं ते हे. पण विकराला उष्णता सोसत नाही. कढत पाणी घातलंत की ते निकामी होतं, सिनिग्रिन तसंच राहतं आणि तुमच्या वाट्याला येतो नुसता कडवटपणा. वाईला त्या दिवशी झालं ते एवढंच. यात राग कुठेही येत नाही.

फोडणीतल्या मोहरीचंही हेच. तापल्या तेलात विकर मरतं, म्हणून तडतडलेली मोहरी तिखट नसते, खमंग असते. न तडतडलेली मोहरी ना तिखट ना खमंग, दातांखाली कडू कचकच. तेल पुरतं तापायच्या आत मोहरी टाकून वर लगेच जिरं, हळद, हिंग लोटणाऱ्यांबद्दल माझं मत मी इथे लिहीत नाही.

मध्यंतरी दिवाळीला सगळे जमलो होतो, तेव्हा मी वन्संच्या डोळ्यांदेखत दोन वाट्या मांडल्या. एकाच पुडीतली मोहरीची डाळ, मिक्सरवर एकदमच दळलेली, दोन्हीकडे सारखी. एका वाटीत नळाचं गार पाणी, दुसरीत उकळतं. झाकून ठेवल्या. मिक्सरला राग येत नाही हे आधीच सर्वांसमोर कबूल करून घेतलं होतं. चहा होईपर्यंत गार वाटी अशी चढली की झाकण काढणारा भाचा मागे सरला. गरम वाटी चिखलासारखी मठ्ठ आणि कडू. वन्संनी दोन्ही चाखल्या. म्हणाल्या, "मिक्सरचं सोड गं. पाट्यावरची गोष्ट वेगळी असते."

तर पद्धत लिहून ठेवा. मोहरीची डाळ किंवा ताजी भरड पूड घ्या. पुडा बरेच महिने उघडा पडला असेल तर तो फोडणीलाही नको, टाकून द्या. पाणी गार, फार तर कोमट. पाण्यासोबत थोडं मीठ आणि हवी तर हिरवी मिरची घालून वाटा. बंगाली बायका तशीच वाटतात, कडवटपणा कमी लागतो. दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवा. लिंबाचा रस त्यानंतरच. आंबट आधी पडलं तर विकराचं काम मंदावतं. चढल्यावर घातलं तर तोच रस झणका टिकवून धरतो. लिंबाच्या रसातच मोहरी फेसायला सांगणारी पाककृती दिसली तर पान उलटा. आणि भरतात किंवा कोशिंबिरीत मोहरी कालवल्यावर ते पुन्हा गॅसवर ठेवायचं नाही, होता तो झणका उडून जातो. लोणच्यावरची फोडणी पूर्ण गार करून ओततात तीही काही अंशी याचसाठी. लोणचं टिकतं ते मीठ, आंबट आणि तेलामुळे, पण मोहरीचा हातभारही असतो. हाच नाकात जाणारा पदार्थ बुरशी-जिवाणूंना मानवत नाही.

भोपळ्याच्या भरताला माझं प्रमाण: पाव किलो उकडलेल्या भोपळ्याला लहान चमचाभर मोहरीपूड, वाटीभर गोडसर दही, मीठ, साखर, मिरची. मोहरी यापेक्षा जास्त घालून शौर्य दाखवू नका.

आरोग्याचं विचारलंत म्हणून थोडं आणखी. सर्दीत फेसलेल्या मोहरीच्या वासाने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. तेवढ्यापुरतं. गुडघ्याला, छातीला मोहरीचा लेप लावून रात्रभर बांधून ठेवायचा सल्ला आमच्या घरातूनच एका विशिष्ट व्यक्तीकडून सतत मिळतो. लेपाखाली त्वचा भाजते, फोड येतात, डॉक्टरांकडे असे रुग्ण येतात. लावायचाच असेल तर कापडावरून, दहा मिनिटं, आणि चुरचुरायला लागलं की लगेच काढा. लहान मुलांना तर मुळीच नको. तान्ह्या बाळाला मोहरीच्या तेलाने चोळायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, ते तेल नाजूक त्वचेला त्रास देऊ शकतं. आपल्याकडे खोबरेल आहेच की.

मोहरीच्या तेलावर मी फारसं लिहीत नाही, आम्ही शेंगदाण्याच्या तेलावर वाढलेली माणसं. मुलगी अमेरिकेत आहे, तिथे त्या बाटल्यांवर 'फक्त बाहेरून लावण्यासाठी' असं छापलेलं असतं, त्यातल्या इरुसिक आम्ल नावाच्या मेदाम्लामुळे. बंगाल-बिहार त्याच तेलात पिढ्यान्‌पिढ्या स्वयंपाक करतो आहे. मात्र सुटं तेल घेऊ नका. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळल्याने हजारो लोक आजारी पडले आणि ६० हून जास्त माणसं गेली. त्या बिया दिसायला मोहरीसारख्याच असतात.

हे आधी लिहायला हवं होतं, पण काहींना मोहरीची ॲलर्जी असते, आणि ती चांगलीच जोरात येऊ शकते. युरोपात पाकिटावर मोहरीचा उल्लेख कायद्याने सक्तीचा आहे, तो उगाच नाही. थायरॉइडचा त्रास असेल तर रोजच्या फोडणीने काही होत नाही, पण चमचे-चमचे पूड खायचा बेत असेल तर डॉक्टरांना सांगून. अल्सर, ॲसिडिटीवाल्यांनी तुमचा तो सकाळचा प्रयोग डोक्यातूनच काढून टाकावा.

दोन वाट्यांचा प्रयोग घरी केलात तर खाली टिप्पणीत लिहा. शक्य असेल त्यांनी पाट्यावर करा. पाणी गार होतं की कढत आणि मोहरी चढली की नाही, एवढंच लिहा. त्या वेळी तुमची मनःस्थिती काय होती ते कृपा करून लिहू नका. वन्संचा नातू त्यांना माझी उत्तरं वाचून दाखवतो.