एच वन बी वर कंपनी बदलता येते, गाव बदलताना जपून

तुम्ही विचारलंय की एच वन बी या अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर न्यू जर्सीतल्या एडिसनला जॉइन झाल्यावर वर्ष-दीड वर्षात कंपनी बदलून किंवा आहे त्याच कंपनीतून टेक्ससमधल्या डॅलसकडे जाता येईल का, बायको आणि छोटी मुलगी बरोबर असेल. फॉर्म, फी सगळं सरकारी साइटवर आहे, ते सोडून देतो.

कंपनी बदलणं वाटतं तेवढं अवघड नाही. नवीन कंपनीचं पिटिशन, म्हणजे तुमच्यासाठीचा व्हिसा अर्ज, फाइल झालं की तिकडे काम सुरू करता येतं, अप्रूव्हलसाठी थांबायची सक्ती नाही. तरी मी म्हणेन प्रीमियम, म्हणजे जादा फीचं लवकर प्रोसेसिंग, करायला लावा आणि अप्रूव्हल आल्यावरच राजीनामा द्या, नुसत्या अर्जाच्या रिसीटवर गेलात आणि पुढे रिजेक्ट झालं तर जुनी नोकरीही गेलेली असते.

गाव बदलणं मात्र लोक फार हलक्यात घेतात. एडिसनहून जर्सी सिटीला ऑफिस हललं तर एकच मेट्रो एरिया, नवीन जागी एलसीएची (पगार आणि कामाची जागा लिहिलेला, कंपनीचा कामगार खात्याकडचा अर्ज) नोटीस लावली की भागतं. डॅलस म्हणजे नवीन एलसीए आणि अमेंडमेंट म्हणजे बदललेलं पिटिशन, तेही तिथे काम सुरू करायच्या आधी फाइल झालेलं, 2015 च्या सिमिओ केसच्या निकालापासून हे पक्कं आहे. घरून काम करत असाल तर घर हेच कामाचं ठिकाण. मॅनेजर म्हणतो तू जा रे, पेपर नंतर बघू. अजिबात ऐकू नका.

माझं प्रोजेक्ट डॅलसजवळच्या प्लेनोला हललं तेव्हा वकिलाला क्लायंट लेटर, म्हणजे मी त्यांच्याकडे काम करतो असं क्लायंटचं पत्र, हवं होतं, क्लायंट म्हणे आम्ही देत नाही, मधल्या व्हेंडरला विचारा, व्हेंडर म्हणे क्लायंटला विचारा, आणि वकील कंपनीचा, त्यामुळे आपल्या मेलला उत्तर देईलच असं नाही. या सगळ्यात ऑगस्टचं जाणं नोव्हेंबरवर गेलं.

आणि त्यात मुलीचं वर्ष गेलं. तिचा वाढदिवस सप्टेंबरच्या मध्यात. न्यू जर्सीत आमच्या शाळा डिस्ट्रिक्टची कटऑफ, म्हणजे पाच वर्षं पूर्ण व्हायची शेवटची तारीख, 1 ऑक्टोबर, म्हणून ती किंडरगार्टनला बसली होती, वाचायला लागली होती. टेक्ससमध्ये 1 सप्टेंबर. तिथल्या शाळेत काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्टवरच्या जन्मतारखेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, पुढच्या ऑगस्टमध्ये या. मी जुन्या शाळेचं पत्र पुढे करत राहिलो, त्यांनी वाचलंसुद्धा नाही. पोरगी शेजारी नवीन दप्तर पाठीला लावून उभी. आता ती वर्गात सगळ्यात मोठी आहे, छान चाललंय, तरी मला त्या बाईंचा राग अजून येतो. तुमच्या मुलीची जन्मतारीख आधी दोन्हीकडच्या कटऑफशी ताडून बघा.

एकटेपणाचं म्हणाल तर मंडळ आहे, गणपती आहे, निभतं.

बायकोचं मात्र आत्ताच बोला. एच-4 या जोडीदाराच्या व्हिसावर तिला काम करायचं तर सहसा तुमचं आय-140, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने भरलेलं पिटिशन, अप्रूव्ह हवं, आणि अप्रूव्ह होऊन 180 दिवस व्हायच्या आत तुम्ही सोडलंत आणि कंपनीने ते मागे घेतलं तर तिचं ईएडी, म्हणजे कामाचं परमिटही, अडकतं. त्यानंतर सोडलंत तर ते अप्रूव्हल टिकतं. प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीख, अप्रूव्ह झाल्यावर सहसा तुमचीच राहते, नवीन कंपनीला पर्म, म्हणजे ग्रीन कार्डाची कामगार खात्याकडची पहिली पायरी, मात्र पहिल्यापासून करावं लागतं. मी नको असलेल्या नोकरीत ते 180 दिवस भरण्यासाठीच थांबलो, रोज सकाळी पार्किंगमध्ये गाडीत बसून राहायचो, आत जावंसं वाटायचं नाही. बायकोला हे अजून सांगितलेलं नाही, तिला वाटेल तिच्यामुळे झालं. तुम्ही जायच्या आधी दोघं बसून ठरवा, नोकरी नाहीच सहन झाली तर तिच्या परमिटची वाट बघायची की सोडायची, आणि अप्रूव्हलची नोटीस म्हणजे आय-797, एलसीए, पेस्लिप्स, सगळ्याच्या कॉप्या स्वतःकडे ठेवा, एचआरच्या भरवशावर नको.