जुन्या टीव्ही गेममध्ये कॅसेट घातली की नुसता करडा पडदा येतो. स्लॉट बदलावा लागेल का?

लगेच बदलू नका. तुम्ही लिहिलंय की गेम गुहागरच्या घरी माळ्यावर बरीच वर्षं पडून होता, लाल दिवा लागतो, फुंकर मारून कॅसेट पुन्हा पुन्हा घातली की एखाद्या वेळी मारिओ येतो, पण चित्रं फुटलेली. म्हणजे मशीन जिवंत आहे, पिना नीट टेकत नाहीत. मी वेंगुर्ल्यात टीव्ही-मिक्सर दुरुस्त करतो. किनाऱ्यावरच्या अशा मशीनमध्ये स्लॉट मोडलेला क्वचित मिळतो, खारावलेला नेहमी.

आपल्याकडचे हे गेम बहुतेक निन्टेन्डोच्या 1983 सालच्या जपानी फॅमिकॉमची नक्कल. स्लॉटला 60 पिना. काही पिना गेमचा प्रोग्रॅम प्रोसेसरकडे नेतात, काही चित्रं पिक्चर चिपकडे. संगीत वाजतंय, बटणं चालतायत, पण मारिओच्या जागी भलतेच तुकडे दिसतायत, तर चित्रांकडच्या पिनांवर संशय घ्या. पडदा एकाच रंगाचा राहिला तर बहुधा प्रोग्रॅमकडच्या. नेटवर दिवा उघडमीट होण्याबद्दल जे वाचाल ते अमेरिकेत 1985 मध्ये आलेल्या एनईएसचं, म्हणजे फॅमिकॉमच्या तिकडच्या अवताराचं आहे. त्यात कॅसेट समोरून जाते, 72 पिना असतात आणि लॉकआउट चिपचं (कॅसेट अस्सल आहे का हे तपासणारी चिप) कॅसेटशी जमलं नाही की ती सेकंदासेकंदाला मशीन रीसेट करते. तुमच्या मशीनला ती भानगड नाही.

आता सफाई. सगळे सांगतात, आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा. पुण्या-नाशकात तेवढं पुरतं, इथे नाही, कारण आयपीएमध्ये मीठ जवळपास विरघळतच नाही. पिनांवर खाऱ्या वाऱ्याचं मीठ बसलेलं असतं. ते पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढून घेतं आणि खालचं तांबं खात राहतं. म्हणून आधी पाणी, मग आयपीए. पाणी नळाचं किंवा विहिरीचं नको, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा. बाटलीवर नाव वाचून घ्या, त्याच दुकानात ॲसिडही असतं.

अडॅप्टर काढून ठेवा. सुरुवात कॅसेटपासून, नाहीतर तिची घाण परत स्लॉटमध्ये जाते. कान साफ करायच्या काडीवर पाणी घेऊन सोनेरी पट्ट्या पुसा, मग आयपीए. हिरवा थर निघत नसेल तर पांढरं व्हिनेगर मिनिटभर लावा आणि पाण्याने दोनदा पुसून काढा. पितळेची भांडी आमसुलाने लखलखतात म्हणून इथेही आमसूल किंवा आगळ लावणारे लोक आहेत. त्यात मीठ असतं, तेच तर आपल्याला काढायचंय. पॉलिश पेपर तर नकोच, सोन्याचा मुलामा नावापुरता असतो. तेलकट स्प्रे आणि खोबरेलही नको, त्यावर धूळ चिकटून बसते.

स्लॉटसाठी जुनं एटीएम कार्ड घ्या. ते पाऊण मिलिमीटर जाड असतं, त्यावर जुन्या सुती साडीचा एकच पदर गुंडाळा. जाड घडी घातलीत तर पिना फाकतील. ओलं करून सरळ आत-बाहेर करा, आडवं हलवू नका. कापड काळं यायचं थांबेपर्यंत पाणी, मग तसंच आयपीए. फुंकर बंद करा. तिने गेम लागतो असं वाटतं, पण खरं काम कॅसेट काढून घालताना होणारं घर्षण करतं, फुंकरीतली वाफ आणि थुंकी मागे राहते.

ओलं असताना चालू केलंत तर सगळं मुसळ केरात. ओल, मीठ आणि करंट एकत्र आले की तांबं झपाट्याने झिजतं. जुलै-ऑगस्टमध्ये नुसत्या हवेवर भरवसा ठेवू नका. रात्रभर पंख्याखाली ठेवा, नंतर सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात दिवसभर.

तरीही जमलं नाही तर मशीन उघडून स्लॉटच्या पिनांचे सोल्डर भिंगाखाली बघा. कॅसेट ओढून ओढून तिथे बारीक गोल तडे जातात. मल्टिमीटरच्या बीपवर (जोड अखंड असला तरच वाजतो) एकेक पिन तपासा, तडा दिसेल तिथे थोडं फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरायला लावतात ती पेस्ट, लावून सोल्डर परत वितळवा. एखादी पिन मागे दबलेली असेल तर शिवणाच्या सुईने अगदी केसभर पुढे ओढा.

स्लॉट बदलणं यानंतर. नवा घेताना 60 पिना आणि दोन पिनांतलं अंतर 2.54 मिलिमीटर हे दोन्ही जुळवून घ्या. जुना अखंड उपटू नका. या मशीनचे बोर्ड स्वस्तातले असतात, जास्त तापलं की तांब्याची रेघ उखडून हातात येते. आधी कटरने प्लॅस्टिक कापून टाका, मग एकेक पिन वेगळी काढा. पण त्याआधी शेजाऱ्याकडची चालू कॅसेट एकदा लावून बघा. तुमच्या कॅसेटमधला काळा डांबरासारखा ठिपका, म्हणजे चिप, गेली असेल तर नवा स्लॉट घालूनही पडदा करडाच राहील.